रिकाम्या खुर्चीची वाक्यं

१

मी कान तपासतो. डॉक्टर नाही मी. डॉक्टर चिठ्ठी लिहून देतात आणि पेशंट माझ्याकडे येतो. काचेची खिडकी असलेल्या बंद खोलीत त्याला बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं आणि बाहेर बसून बारीक बारीक आवाज सोडायचे. ऐकू आलं की त्याने बटण दाबायचं. एकवीस वर्षं हेच करतोय.

या कामात माणूस संशयी होतो. हलकं काम मिळावं म्हणून बहिरेपणाचं सोंग घेणारे येतात, तसे काही ऐकू येत नसताना सगळं ऐकू येतंय असं भासवणारेही येतात. दोघांनाही मी बटणावरून पकडत नाही, डोळ्यांवरून पकडतो. आवाज खरोखर कानात शिरला की बोट हलायच्या आधी डोळे क्षणभर जागच्या जागी थांबतात. ते मुद्दाम करता येत नाही. भलेभले सोंगाडे बघितले, पण एकालाही जमलेलं नाही.

हे आधी सांगून टाकलं, कारण माझा मित्र नट म्हणून यथातथाच होता हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि त्याचं घोडं नेमकं कुठे अडतं हेही. तो गाडी चालवायला शिकवतो. शिकणाऱ्याच्या शेजारी बसून जन्मभर ‘ब्रेक, ब्रेक’ ओरडत आल्यामुळे सगळे त्याला ब्रेकच म्हणतात. पण स्वतः बोलायला लागला की त्याला ब्रेक नाही. आम्ही शाळेत एका बाकावर होतो तेव्हापासून त्याने माझं एक वाक्य धड पुरं होऊ दिलेलं नाही. रंगमंचावरही तीच तऱ्हा. समोरच्याचं वाक्य संपायच्या आत याचं सुरू. मी दरवर्षी वाचनालयाच्या हौशी मंडळाचं नाटक बघायला जायचो, दुसऱ्या रांगेत बसायचो आणि नंतर त्याला सांगायचो, “बोलतोस छान रे, पण तुला ऐकता येत नाही.” तो हसायचा. मनावर घेत असेल असं मला कधी वाटलं नाही.

२

या वर्षीच्या नाटकात दोनच पात्रं होती, नवरा आणि बायको. चाळीस मिनिटांचा खेळ. बायको खिडकीशी खुर्चीत बसलेली आहे, तिला हे घर कायमचं सोडून जायचंय, आणि ती नवऱ्याला चार वेळा म्हणते, चल. तो चारही वेळा नाही म्हणतो. शेवटी ती एकटी जाते आणि तो खाली बसतो. नवरा ब्रेक. बायकोचं काम टायपिंग शिकवणाऱ्या एका बाईंकडे होतं.

तालमी सुरू होऊन चार दिवस झाले नाहीत तोच बाईंच्या बहिणीचं ऑपरेशन निघालं आणि त्या तीन आठवड्यांसाठी परगावी गेल्या. मंडळाचे दिग्दर्शक दातांचे डॉक्टर आहेत. त्यांचा एक जुना नियम आहे: कुणी गैरहजर असेल तर त्याची वाक्यं दुसऱ्या कुणी वाचायची नाहीत. दुसऱ्याचा आवाज कानात बसला की मूळ माणूस आल्यावर परका वाटतो, असं त्यांचं म्हणणं. समोरच्या नटाने ती वाक्यं मनातल्या मनात म्हणायची, तेवढा वेळ गप्प राहायचं आणि मग आपलं वाक्य घ्यायचं. मंडळातले सगळे याला सरावलेले होते.

“तू येऊन बस रे एकदा,” ब्रेक म्हणाला. “पुस्तक हातात धर. चुकलो तर सांग.”

तालीम संध्याकाळी सहाला, वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर. भिंतीशी जुन्या मासिकांचे गठ्ठे, एक कुरकुरणारा पंखा, दोन ट्यूबलाइट. मधोमध लोखंडी पायांची, हिरव्या रेक्झिनची गुबगुबीत खुर्ची. मी पुस्तक उघडून कोपऱ्यात बसलो.

दहा पानं सुरळीत गेली. अकराव्या पानावर बायकोचं वाक्य होतं, “हो.” नुसतं एक अक्षर. ब्रेक थांबला. मला वेळ मोजायची सवय आहे, आपोआप मोजला जातो. अकरा सेकंद गेले. विसरला की काय म्हणून मी मान वर केली.

विसरला नव्हता. खुर्चीकडे बघत होता, आणि त्याचे डोळे थांबत होते. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. कुणी मोठं काही सांगत असताना थांबतात तसे. मग त्याच्या ओठांच्या कडेला हसू आलं आणि त्याने पुढचं वाक्य घेतलं. शब्द पुस्तकातलेच होते.

चौदाव्या पानावर बायकोचं आठ ओळींचं भाषण होतं. तिथे तो एक सेकंद थांबला आणि पुढे गेला.

“बघितलंत?” दातांचे डॉक्टर माझ्या कानाशी कुजबुजले. त्यांचे डोळे पाणावले होते. “याला म्हणतात ऐकणं! दहा वर्षं घसा फोडतोय मी.”

माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की या गड्याने कानात काहीतरी खुपसलंय.

३

तो विचार मी सोडला नाही. कुणीतरी फोनवरून बोलतंय आणि याच्या कानात बारीक यंत्र आहे. टायपिंगवाल्या बाई परगावाहून वाक्यं म्हणत असतील. किंवा वाक्यं नाही, भलतंच काही. पुरुषाने पन्नाशीत असले चाळे केलेले मी पाहिले नाहीत असं नाही.

दुसऱ्या दिवशी तालीम संपल्यावर जिन्यातच त्याला गाठलं. “तुझ्या कानात मळ झालाय वाटतं, बघू.” खिशातला टॉर्च काढून दोन्ही कान बघितले. आरशासारखे स्वच्छ. त्याने मुकाट्याने बघू दिले. इतकी वर्षं ओळखतो त्याला. एरवी असं केलं असतं तर त्याने आधी दहा टोमणे मारले असते.

चहा पिताना मी विचारलं, “त्या ‘हो’वर एवढा का थांबतोस?”

माझं बोलून झालं होतं, तरी तो थोडा वेळ तसाच बसला. मग म्हणाला, “डॉक्टर म्हणतात तेवढी जागा सोडतो.”

“डॉक्टर म्हणतात वाक्याएवढी सोड. वाक्य एका अक्षराचं आहे.”

“पुस्तकात,” तो म्हणाला.

मग कप बाजूला ठेवून, अगदी साध्या आवाजात म्हणाला, “तू म्हणायचास ना, तुला ऐकता येत नाही? खरं होतं ते. मलाच कळत नव्हतं. दिवसभर गाडीत मी ओरडतो. घरी बायको बोलते, मी बोलतो, दोघंही बोलतो. कुणाचं पूर्ण ऐकलंच नाही रे मी कधी. आता पहिल्यांदा ऐकावंसं वाटतंय.”

मला बरं वाटायला हवं होतं. आपलं म्हणणं कुणी मनावर घेतलं की बरं वाटतंच. पण मला भीती वाटली, आणि भीती वाटली म्हणून मला त्याचा राग आला.

४

वहिनी, म्हणजे ब्रेकची बायको, माझ्याकडे दवाखान्यात आल्या, शाळेच्या मधल्या सुट्टीत. गणित शिकवतात. आवाज खणखणीत, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. त्या दिवशी मात्र दार लावून हळू बोलल्या.

“भावजी, तुम्ही तालमीला जाता ना? खरं सांगा, ती टायपिंगवाली कशी आहे?”

“ती गावातच नाही, वहिनी.”

“नक्की?”

नक्की होतं. मी स्वतः चौकशी केली होती. बहिणीच्या घरच्या फोनवर त्या स्वतः बोलल्या होत्या, मागे तान्ह्या पोराचं रडणं ऐकू येत होतं. हे मी वहिनींना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा सुटायला हवा होता. उलट जास्तच आवळला गेला.

“मग हे कुणाचं ऐकतात?”

“म्हणजे?”

“पूर्वी मला बोलूच द्यायचे नाहीत. आता मी बोलते, पूर्ण बोलू देतात. पण माझं बोलून झालं तरी हे ऐकतच असतात. मी गप्प झालेली असते, भावजी, आणि हे मान हलवत असतात. मग उत्तर देतात. ते उत्तर माझ्या बोलण्याचं नसतं.” त्यांनी पदराने नाही, हाताच्या पालथ्या बाजूनेच डोळे पुसले. “आधी वाटलं, दुसरं कुणी असेल तर असेना, भांडून परत आणीन. पण भांडायचं कुणाशी?”

मी ताणाबद्दल बोललो. कानात आवाज होण्याचा एक आजार असतो त्याबद्दल बोललो, यंत्रावर तपासून बघू म्हणालो. माझं मलाच पटत होतं, निदान बोलताना.

“त्या नाटकात शेवटी काय होतं?” जाता जाता त्यांनी विचारलं.

“ती चल म्हणते. तो नाही म्हणतो.”

“नक्की नाही म्हणतो?”

“पुस्तकात तसंच आहे.”

“मला हे परत हवेत, भावजी. कसेही. तुम्ही लक्ष ठेवा.”

मी शब्द दिला.

५

शुक्रवारी दुपारी मी त्याला दवाखान्यात बोलावलं. गाडी शिकवणाऱ्यांना तपासणीचा कागद लागतो, अशी थाप मारली. तो आला, खोलीत बसला, हेडफोन घातले, बटण घेतलं. मी जाड दार लावून घेतलं. ते लागलं की आत बाहेरचं काही म्हणता काही पोचत नाही. सुरुवातीला लोकांना स्वतःचा श्वास ऐकून दचकायला होतं.

उजवा कान उत्तम. डावाही उत्तम. वयाच्या मानाने हेवा वाटावा असे कान. मी आवाज बंद केला आणि कागद भरायला घेतला.

दिवा लागला. त्याने बटण दाबलं होतं.

मी यंत्राकडे बघितलं. काहीच सोडलेलं नव्हतं. पुन्हा दिवा. मी दोन्ही तारा उपसून हातात धरल्या, म्हणजे हेडफोन नुसते टोपीसारखे डोक्यावर राहिले. पुन्हा दिवा. मी काचेतून त्याचे डोळे बघितले. या एकाच गोष्टीवर माझी एकवीस वर्षं उभी आहेत, आणि त्यात खोट नव्हती. डोळे आधी थांबत होते आणि बोट मग हलत होतं. मान किंचित डावीकडे कलली होती. खोलीत डावीकडे भिंतीशिवाय काही नाही.

मी खोलीतल्या स्पीकरवर बोलायच्या माइकचं बटण दाबलं. “अरे, काय ऐकू येतंय तुला?”

माझ्याकडे न बघता त्याने हाताचा पंजा वर केला. कुणी बोलत असताना मध्ये तोंड घालणाऱ्याला आपण थांबवतो, तसा.

मी थांबलो. का थांबलो ते सांगता येणार नाही. दोन मिनिटं दहा सेकंद मी हातात उपसलेल्या तारा घेऊन बसलो होतो. मग तो उठला, हेडफोन नीट खुंटीला अडकवले आणि बाहेर येताना दार उघडं धरून जरा वेळ उभा राहिला. मग त्याने ते लावलं.

“ठीक आहेत ना कान?” म्हणाला.

कागदावर मी ‘ठीक’ लिहिलं. दुसरं लिहिण्यासाठी त्या कागदावर रकानाच नव्हता.

६

पुढच्या सोमवारी टायपिंगवाल्या बाई परत आल्या. मला हायसं वाटलं. खुर्चीत हाडामांसाचं माणूस बसलं की हे सगळं आपोआप निवळेल असा माझा हिशेब होता. प्रयोग रविवारी होता.

बाई पाठांतर चोख करून आल्या होत्या. पर्स खाली ठेवली, खुर्चीच्या अगदी कडेवर टेकल्या आणि सुरुवात केली. पंधरा मिनिटांत त्या उठून उभ्या राहिल्या.

“डॉक्टर, हे माझ्याशी बोलत नाहीयेत.”

“म्हणजे काय?”

“मी म्हणते, ‘खिडकी लावू का?’ हे काय म्हणाले ऐकलंत ना तुम्ही?”

सगळ्यांनी ऐकलं होतं. ब्रेक म्हणाला होता, “हो, रविवारीच. चारला.” पुस्तकात ते वाक्य नव्हतं.

“आणि हे माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत,” बाई म्हणाल्या. “माझ्या खांद्याच्या मागे बघतात. मला किती अवघडल्यासारखं होतंय ठाऊक आहे? कुणाच्या तरी मांडीवर बसल्यासारखं.” बोलून गेल्यावर त्या लाजल्या, मग पर्स उचलली आणि निघून गेल्या. दातांचे डॉक्टर जिन्यापर्यंत मागे धावले, हात जोडले, काही उपयोग झाला नाही.

डॉक्टर धापा टाकत परत आले तेव्हा ब्रेक म्हणाला, “रिकाम्या खुर्चीवर करू ना. सवय आहे.”

डॉक्टरांचा चेहरा उजळला. त्यांना यात काहीतरी आधुनिक दिसलं. प्रेक्षकांनी बायको मनाने उभी करायची, वगैरे वगैरे. मी म्हणालो, नाटकच रद्द करा. इतक्या जोरात म्हणालो की सगळे बघायला लागले.

“का?” डॉक्टरांनी विचारलं.

काय सांगणार? माझा मित्र पहिल्यांदाच चांगलं काम करतोय म्हणून? “तब्येत बरी नाही त्याची,” मी म्हणालो.

“शुक्रवारी तूच तर ठीक म्हणून लिहून दिलंस,” ब्रेक म्हणाला, आणि खुर्चीकडे बघून हसला.

७

रविवार, दुपारचे चार. वाचनालयाचं तळमजल्यावरचं सभागृह. इतकी गर्दी झाली की मधल्या वाटेतही प्लास्टिकच्या खुर्च्या मांडाव्या लागल्या, आणि मागच्या दाराकडे जायचं तर रांगेतल्या लोकांचे गुडघे ओलांडून जावं लागणार होतं. वहिनी दुसऱ्या रांगेत कडेला होत्या, त्यांच्या शेजारी मी. ‘तू येऊ नकोस’ असं तो त्यांना सकाळी दोनदा म्हणाला होता. त्या इस्त्रीची साडी नेसून आल्या होत्या.

पडदा उघडला. खिडकी, टेबल, हिरवी खुर्ची आणि तो.

इतकं चांगलं काम मी कुठल्याही रंगमंचावर पाहिलेलं नाही. तो गप्प झाला की सभागृह गप्प व्हायचं. लोक खुर्चीकडे बघायचे, मग त्याच्याकडे, मग पुन्हा खुर्चीकडे, योग्य वेळी. कुणाचं वाक्य संपलं हे त्यांनाही कळत असल्यासारखे. मागे एक बाई मुसमुसत होती. मी स्वतःशी घोकत होतो, हा अभिनय आहे, माणूस सुधारतो, मनाला सुचवलेलं खरं वाटायला लागतं. वहिनींनी माझं मनगट धरलं होतं.

पहिलं ‘चल’ आलं, म्हणजे तिथे शांतता आली. तो म्हणाला, “नाही.” वहिनींनी श्वास सोडला. दुसऱ्या वेळी “नाही” म्हणायला त्याला वेळ लागला. तिसऱ्या वेळी ते मला जेमतेम ऐकू आलं.

चौथ्या वेळी तो काहीच बोलला नाही. वीस सेकंद. तीस. विंगेतून दातांच्या डॉक्टरांनी वाक्य पुरवलं, “नाही, मी येणार नाही,” दोनदा, चांगलं पहिल्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं. त्याच्या डोळ्यांत काही हललं नाही.

वहिनी उभ्या राहिल्या. “अहो!” शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा तो आवाज. “अहो, घरी चला!”

लोकांनी वळून बघितलं. काहींना हा नाटकाचाच भाग वाटला. त्यानेही मान वळवली. सावकाश, फार लांबून कुणी हाक मारली असावी तशी. त्याने वहिनींकडे नीट बघितलं, आणि स्पष्ट, मऊ आवाजात म्हणाला,

“नाही. मी येणार नाही.”

वहिनी खाली बसल्या. मी उठायला हवं होतं. लक्ष ठेवीन असा शब्द दिला होता मी. दोन ढांगांवर रंगमंच होता, वर जाऊन त्याचा दंड धरला असता तर कदाचित... पण त्याच वेळी मी खुर्चीकडे बघितलं. तिची रेक्झिनची बैठक मधोमध खोल दबलेली होती, आणि माझ्या डोळ्यांदेखत ती हळूहळू वर येत होती. फोममध्ये हवा भरताना होतो तो बारीक आवाज मी ऐकला. पुरती वर आल्यावर ती थांबली. माझे पाय जागचे हलले नाहीत.

तो बाजूच्या पायऱ्यांनी खाली उतरला. एक पायरी उतरून थांबला, हात जरा मागे धरून, मग पुढची उतरला. टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, दातांचे डॉक्टर विंगेत रडत होते. तो आमच्या रांगेशी आला. वहिनींचे गुडघे त्याच्या वाटेत होते. सत्तावीस वर्षं संसार केलेल्या बायकोकडे त्याने अनोळखी माणसाच्या सभ्यपणाने बघितलं आणि किंचित वाकला.

“ताई, जरा पाय घेता का? आम्हाला जायचंय.”

वहिनींनी पाय घेतले. तो त्यांच्यासमोरून गेला, मग माझ्यासमोरून, त्याच्या शर्टाची बाही माझ्या गुडघ्याला लागली. तो पुढे निघून गेला तरी वहिनींनी पाय तसेच आखडून धरले होते. त्या खाली मान घालून, आपल्या गुडघ्यांसमोरच्या रिकाम्या हातभर जागेकडे बघत होत्या, आणि त्यांची नजर अगदी सावकाश डावीकडून उजवीकडे सरकत माझ्यापर्यंत आली.

मग मीही माझे पाय आणखी आत घेतले.